मुलांच्या दातांना फ्लोराइड व्हार्निश: आधी, त्या दिवशी आणि नंतर काय करायचं

फ्लोराइड व्हार्निश म्हणजे कीड टाळण्यासाठी दातांवर लावायचा चिकट औषधी थर. तो लावण्याचं काम दोन-चार मिनिटांत आटोपतं. इंजेक्शन नाही, मशीनचा आवाज नाही, दुखणं नाही. अवघड जातं ते पुढचं. सहा महिन्यांनी मूल ठणठणीत असतं, दात पांढरेशुभ्र दिसत असतात, आणि अशा वेळी कुठलीही तक्रार नसताना पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची असते. एकदाच लावून सोडून दिलेल्या व्हार्निशकडून फारशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. असं का, हे एकदा नीट समजलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दातावर नेमकं काय घडतं

दातावर साचणाऱ्या चिकट थरातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. तिथला पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. खाणं थांबल्यावर लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेली खनिजं परत आणून बसवते. हे जाणं-येणं दिवसभर चालूच असतं. जाण्याचं प्रमाण वाढलं की आधी दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो आणि पुढे पृष्ठभाग खचून खड्डा पडतो.

या सगळ्यात फ्लोराइड जागेवर हजर असेल तर खनिजं लवकर परत बसतात. शिवाय नव्याने बसलेला थर पहिल्यापेक्षा चिवट असतो. तो विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. म्हणजे फ्लोराइडचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं, पोटात गेल्यावर नाही.

बहुतेक व्हार्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं. त्यातलं शुद्ध फ्लोराइड मोजलं तर २.२६ टक्के, म्हणजेच २२,६०० पीपीएम (दर दहा लाख भागांत २२,६०० भाग). रोजच्या टूथपेस्टमध्ये ते १,००० ते १,५०० पीपीएमच्या दरम्यान असतं. मात्र हा आकडा एकटा काही करत नाही. व्हार्निश राळेच्या चिकट द्रवात कालवलेलं असल्याने दाताला तासन्‌तास धरून राहतं आणि तेवढ्या वेळात पृष्ठभागावर कॅल्शियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचे बारीक कण जमतात. पुढे जेव्हा जेव्हा तोंडात आम्ल तयार होतं, तेव्हा हे कण थोडं थोडं फ्लोराइड सोडतात. व्हार्निशचा दिसणारा थर एक-दोन दिवसांत निघून जातो, काम करत राहतो तो हा साठा. तोही काही महिन्यांत संपतो, आणि म्हणूनच पुन्हा लावावं लागतं.

हे औषध काही नवं नाही. पहिलं व्हार्निश १९६४ साली जर्मनीत तयार झालं. अमेरिकेत मात्र त्याला परवानगी मिळायला १९९४ उजाडलं, आणि तीही दातांची शिणशिण कमी करण्यासाठी. त्यामुळे आजही काही पाकिटांवर किडीचा उल्लेख सापडत नाही, फक्त ‘संवेदनशील दातांसाठी’ असं छापलेलं असतं. ते वाचून चुकीचं औषध लावलं, असं समजू नका.

फायदा किती? २०१३ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २२ चाचण्यांचा आणि १२ हजारांहून अधिक मुलांचा आढावा घेतला. त्यात दुधाच्या दातांचे किडलेले पृष्ठभाग सरासरी ३७ टक्क्यांनी आणि पक्क्या दातांचे ४३ टक्क्यांनी कमी आढळले. फक्त शाळेआधीच्या वयाच्या मुलांचा विचार करणाऱ्या २०१९ च्या एका आढाव्यात मात्र फायदा बराच माफक दिसला. मी या दोन्ही आकड्यांचा अर्थ एकच घेते: व्हार्निश उपयोगी आहे, पण घरची घासणी आणि गोड खाण्याच्या वेळा सांभाळल्या नाहीत तर त्याच्या एकट्याच्या जिवावर कीड थांबत नाही.

कुणाला आणि कोणत्या वयात

‘दुधाचे दात, ते तर पडणारच’ हे वाक्य घरातलं कुणीतरी म्हणतंच. पुढचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात हे खरं, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षं त्यांच्यावर चावायचं असतं, आणि खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातासाठी जागाही त्यांनीच राखून ठेवायची असते. किडून दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढे वाकडेतिकडे दात येतात. त्याआधी रात्री-अपरात्री उठणारी दातदुखी असते ती वेगळीच.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात आलेले असतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाच्या शिफारशीनुसार पहिला दात आल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना व्हार्निश लावावं. तिथल्या दंतवैद्यक संघटनेने सहा वर्षांखालच्या, कीड होण्याची शक्यता असलेल्या मुलांसाठी दर तीन ते सहा महिन्यांनी व्हार्निश सुचवलं आहे. इंग्लंडमध्ये तीन वर्षांपासून वर्षातून दोनदा, आणि धोका जास्त असेल तर त्याहून लवकर व अधिक वेळा लावतात. देशोदेशी वय थोडं पुढेमागे झालं तरी वर्षातून किमान दोनदा यावर सगळ्यांचं एकमत दिसतं.

धोका जास्त म्हणजे काय, ते आई-बाबांना स्वतः ओळखता येतं. मुलाचा एखादा दात आधीच किडलेला किंवा भरलेला आहे; आई-बाबांच्या किंवा भावंडांच्या दातांना बरीच कीड आहे; बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय आहे; दिवसभर थोडं थोडं गोड तोंडात पडतंय; साखर असलेली पातळ औषधं बरेच दिवस चालू आहेत; दातांना तारा लावल्या आहेत; किंवा एखाद्या आजारामुळे वा अपंगत्वामुळे दात नीट घासता येत नाहीत. यातलं काहीही लागू होत असेल तर डॉक्टरांना दर तीन महिन्यांनी लावायचं का, असं स्पष्ट विचारा.

जाण्याआधी घरी: ओठ उचलून बघा

महिन्यातून एकदा मुलाला मांडीवर आडवं घ्या, चांगल्या उजेडात वरचा ओठ हलकेच वर करा आणि पुढच्या चार दातांची हिरडीलगतची कड बघा. लहान मुलांची कीड बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. खालच्या पुढच्या दातांवर जीभ आणि लाळ सतत फिरत असल्याने ते बऱ्याचदा वाचतात, वरचे मात्र उघडे पडतात. दात मऊ कापडाने पुसून कोरडा केला तर पांढरा डाग जास्त स्पष्ट दिसतो. ओल्या दातावर तो लपून जातो.

हिरडीला लागून खडूसारखा, निस्तेज पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची पहिली पायरी समजा. व्हार्निशसाठी ही सगळ्यात मोलाची वेळ आहे, कारण खड्डा पडलेला नसतो आणि हा डाग अजून माघारी फिरू शकतो. तपकिरी डाग, खरखरीतपणा किंवा छोटी खाच दिसली तर नुसत्या व्हार्निशवर भागणार नाही. मग पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

भेटीला जाण्याआधी चार-पाच गोष्टी आठवून ठेवा, कारण दवाखान्यात रडणाऱ्या मुलाला सांभाळताना त्या हमखास राहून जातात. मुलाला दमा आहे का, विशेषतः त्यासाठी कधी रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं का, हे सांगा. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने कातडीवर पुरळ उठतं का, हेही सांगा. अशा काही पट्ट्यांच्या चिकात आणि बऱ्याच व्हार्निशमध्ये पाइनच्या झाडाची राळ असते. राळेची ॲलर्जी असेल तर ती नसलेला ब्रँड मागता येतो. काही व्हार्निशमध्ये दुधातलं प्रथिन घातलेलं असतं, त्यामुळे दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या बाबतीत हे सांगणं फार गरजेचं. तोंडात फोड आलेत किंवा हिरड्या सुजून रक्त येतंय, असं असेल तर भेट आठ-दहा दिवस पुढे ढकललेली बरी. फ्लोराइडच्या गोळ्या किंवा थेंब चालू असतील तर तेही सांगा.

मुलाला खाऊ घालून न्या. व्हार्निश लावल्यावर काही तास खाण्यावर थोडी बंधनं येतात आणि उपाशी पोटी काही मुलांना मळमळतंही. सकाळी नेहमीसारखे दात घासा. व्हार्निशच्या आधी डॉक्टरांकडून दात स्वच्छ करून घ्यावेच लागतात असं नाही. घरची घासणी पुरते.

वेळ कोणती घ्यायची? शाळकरी मुलांसाठी दुपारनंतरची वेळ सोयीची, कारण त्यानंतर त्या दिवसाची थोडीच खाणी उरतात. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी मात्र झोप झाल्यानंतरचीच वेळ घ्या. पेंगुळलेल्या मुलाबरोबर दोन मिनिटांचं कामही लढाई होऊन बसतं.

आणि ‘अजिबात दुखणार नाही हं’ असं मुलाला सांगू नका. तोवर दुखण्याचा विचार त्याच्या मनातही नसतो. ‘डॉक्टर छोट्या ब्रशने दात रंगवणार, मग दात थोडे चिकट लागतील’ एवढं खरं खरं सांगितलं की पुरे.

खुर्चीत काय होतं

मोठं मूल खुर्चीवर नेहमीसारखं झोपतं. अगदी लहान मुलासाठी वेगळी पद्धत आहे. डॉक्टर आणि आई किंवा बाबा समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. मूल आधी तुमच्याकडे तोंड करून, पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना टाकून बसतं आणि मग त्याला मागे झुकवून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकवतात. त्याचे हात तुम्ही धरायचे, आणि कोपरांनी पायही हलकेच आवरायचे. यात त्याला तुमचा चेहरा दिसत राहतो. ते रडेल, आणि रडलं तरी बिघडत नाही. रडताना तोंड मोठं उघडतं आणि काम उलट लवकर होतं.

पुढचा क्रम असा. डॉक्टर आधी सगळे दात बघतात. मग एका बाजूचे दात गॉजच्या तुकड्याने पुसतात. दात अगदी कोरडे ठणठणीत करायची गरज नसते, वरची लाळ टिपली तरी चालतं. छोट्या ब्रशने व्हार्निशचा पातळ थर नेलपॉलिश लावावं तसा त्या दातांवर फिरवतात: आधी बाहेरची बाजू, मग आतली, मग चावायची. लगेच दुसरी बाजू, मग दुसरा जबडा. लाळ लागली की व्हार्निश घट्ट होतं, त्यामुळे वाळेपर्यंत तोंड उघडं ठेवून बसावं लागत नाही. जाड थर दिला म्हणून फायदा वाढत नाही. जास्तीचं व्हार्निश दाताला न धरता पोटात जातं, एवढंच.

दुधाच्या दातांसाठी सहसा ०.२५ मिलिलिटरचं आणि दुधाचे व पक्के असे मिश्र दात असतील तर ०.४ मिलिलिटरचं एकदाच वापरायचं पाकीट असतं. वापरण्याआधी ते नीट ढवळावं लागतं, कारण फ्लोराइड खाली बसतं. पाकिटातला द्रव वरवर पातळ दिसतोय आणि न ढवळताच लावला जातोय असं वाटलं तर नम्रपणे विचारायला हरकत नाही.

हे काम दंतवैद्यच करतात असं नाही. अनेक देशांत बालरोगतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका किंवा दंतसहायकही लसीकरणाच्या भेटीतच व्हार्निश लावून देतात. पण ऑनलाइन मागवून घरी लावण्याच्या भानगडीत पडू नका. लावणं सोपं असलं तरी आधी तोंड तपासून कुठे डाग आहे, कुठे खड्डा आहे, हे ओळखणं हा त्या भेटीचा निम्मा भाग असतो.

तो दिवस आणि ती रात्र

लावल्यावर दात पिवळसर, मळकट दिसू शकतात आणि जिभेला खरखरीत लागतात. काही ब्रँड दाताच्याच रंगाचे असतात, त्यांत हा फरक फारसा कळत नाही. पिवळेपणा घासल्यावर जातो. फोटोंचा किंवा समारंभाचा दिवस असेल तर एवढ्यासाठी तारीख बदलून घ्या.

पाणी लगेच प्यायलं तरी चालतं, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला लगेच पाजता येतं. चार ते सहा तास तीन गोष्टी टाळायच्या: गरम, कडक आणि चिकट. गरमाने थर मऊ होतो, कडक आणि चिकट खाण्याने तो खरवडून निघतो. मऊ आणि कोमट किंवा थंड अन्न द्या. काही कंपन्या दोन तासच सांगतात, काही उरलेला पूर्ण दिवस. आपल्याला लावलेल्या ब्रँडची सूचना निघताना विचारून घ्या आणि तीच पाळा.

त्या रात्री दात घासायचे नाहीत, दोऱ्यानेही साफ करायचे नाहीत. एरवी ‘रात्री घासल्याशिवाय झोपायचं नाही’ असं ओरडणाऱ्या घरात मुलांना याची भारी गंमत वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी घासणी सुरू. त्या दिवशी फ्लोराइडचं जेल किंवा माउथवॉश वापरू नका. फ्लोराइडच्या गोळ्या असतील तर त्या किती दिवस थांबवायच्या ते डॉक्टर सांगतील. बऱ्याचदा काही दिवस थांबवतात.

थराचे बारीक तुकडे सुटून पोटात गेले तरी काळजी नको. एखादी उलटी किंवा थोडी मळमळ क्वचित होते आणि आपली आपण थांबते. ओठ किंवा चेहरा सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं ही लक्षणं मात्र ॲलर्जीची असू शकतात. ती अगदी विरळा दिसतात, पण दिसली तर ताबडतोब तातडीच्या उपचारांसाठी न्या.

‘इतकं फ्लोराइड पोटात गेलं तर?’

२२,६०० हा आकडा वाचून छातीत धस्स होणं साहजिक आहे, म्हणून हिशेबच मांडू. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड एका वेळी पोटात गेलं तर तातडीने उपचार हवेत, अशी वैद्यकातली मर्यादा आहे. दहा किलोच्या मुलासाठी ती होते ५० मिलिग्रॅम. ०.२५ मिलिलिटरच्या अख्ख्या पाकिटात सुमारे ५.६५ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, म्हणजे त्या मर्यादेच्या नवव्या हिश्शाच्या आसपास. आणि तेही एकदम पोटात जात नाही, कित्येक तासांत थोडं थोडं जातं.

ट्रेमध्ये भरून दाताला लावायच्या फ्लोराइड जेलची गोष्ट वेगळी. त्याची तीव्रता व्हार्निशपेक्षा कमी, १२,३०० पीपीएम, पण ते कित्येक मिलिलिटर वापरावं लागतं आणि लहान मूल त्यातलं बरंच गिळतं. म्हणून सहा वर्षांखालच्या मुलांना जेल नको, व्हार्निशच हवं, असं सांगितलं जातं.

खरी जपायची वस्तू बाथरूममध्ये असते. १,००० पीपीएमच्या १०० ग्रॅम टूथपेस्टमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. फळांच्या चवीची ट्यूब दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवणं हा व्हार्निशपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

दातांवर पांढरे-तपकिरी डाग पाडणारा फ्लोरोसिस होतो तो हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, रोजच्या रोज जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने. वर्षातून दोन-चारदा लावलेल्या व्हार्निशने तो होत नाही. पिण्याच्या पाण्याची बाब निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यासाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा घालून दिली आहे. मुलांच्या बुद्ध्यांकावर परिणाम होतो अशा बातम्या फिरतात, त्यांच्या मुळाशी असलेला अमेरिकी सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाचा २०२४ चा अहवालही याहून जास्त फ्लोराइडशी येणाऱ्या रोजच्या संबंधाबद्दल बोलतो, व्हार्निशबद्दल नाही. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात राहत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. तिथे गोळ्या-थेंब नकोत आणि टूथपेस्ट मोजून हवी. व्हार्निशला मात्र एवढ्या कारणाने मनाई होत नाही.

व्हार्निश कुठे कमी पडतं

पडलेला खड्डा व्हार्निशने भरत नाही. खड्डा असेल तर तो भरून घ्यायचा. मूल फारच लहान आहे, भरायला बसतच नाही, अशा वेळी डॉक्टर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे वेगळं औषध सुचवतील. त्याने किडीची वाढ थांबवता येते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी समजून होकार द्या. हिरडीवर पुळी, गालाला सूज, ताप किंवा झोपमोड करणारं दुखणं असेल तर तो प्रतिबंधाचा विषयच राहत नाही. त्याच दिवशी दाखवा.

दाढांच्या वरच्या खोल खाचांतही व्हार्निश तेवढं प्रभावी ठरत नाही. तिथे सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, जास्त टिकाऊ काम करतो. इथे एक गोष्ट हमखास निसटते. सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली पक्की दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि आली तरी ती दुधाचीच समजतात. ही दाढ जन्मभराची आहे. पाच वर्षं उलटली की प्रत्येक भेटीत ‘मागची दाढ आली का, सीलंट लावायचं का’ हे विचारत राहा. बाराव्या वर्षाच्या सुमाराला दुसरी येते, तेव्हा पुन्हा हाच प्रश्न.

मधल्या महिन्यांत

दोन व्हार्निशच्या मधले १८० दिवस घरच्याच हातात असतात. पहिला दात दिसल्यापासून फ्लोराइड असलेली, किमान १,००० पीपीएमची टूथपेस्ट वापरा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लांब रेघ नको. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळाखळा चूळ भरायची नाही. चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. मोठ्या माणसांनाही ही सवय लावणं कठीणच जातं.

सात-आठ वर्षांपर्यंत दात मोठ्यांनीच घासून द्यायचे. मुलाने आधी स्वतः घासलं तर उत्तमच, नंतर तुमचा हात फिरला पाहिजे. सकाळची घाई असते, म्हणून निदान रात्रीची घासणी सोडू नका. झोपेत लाळ फारच कमी सुटते आणि दाताला लागलेलं आम्ल निवळायला कुणी उरत नाही. घासल्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय असेल तर बाटलीत फक्त पाणी.

गोड बंद करा असं मी सांगणार नाही, ते कुणी पाळत नाही. वेळा कमी करा. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत पीएच खाली येतो आणि वर यायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. पाच चॉकलेटं जेवणानंतर एकदम खाल्ली तर आम्लाची एकच फेरी होते. तीच दिवसभरात दर तासाला एकेक खाल्ली तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. गोड पेयाचा पेला हातात घेऊन तासभर घोट घोट पीत बसणं सगळ्यात वाईट.

तारीख कशी लक्षात ठेवायची

वाढदिवस आणि त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी येणारा ‘अर्धा वाढदिवस’ या दोन तारखा व्हार्निशला बांधून टाका. दर तीन महिन्यांनी सांगितलं असेल तर मध्ये आणखी दोन घाला. लसीकरणाच्या वहीतच मागच्या पानावर तारीख, ब्रँडचं नाव आणि कुठे डाग दिसले ते लिहून ठेवा. गावोगावी बदली होणाऱ्या घरांत, किंवा शाळेच्या शिबिरात कुणी परस्पर व्हार्निश लावून दिलं तर, हीच नोंद पुढच्या डॉक्टरांच्या उपयोगी पडते. शिबिरात लावून आठ-पंधरा दिवसच झाले असतील तर लगेच पुन्हा लावायची गरज नसते.

एखादी खेप चुकली तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं नाही आणि भरपाई म्हणून दुप्पटही लावायचं नाही. आठवेल तेव्हा जा, तिथून पुढचे सहा महिने मोजा.

आणि हे थांबवायचं कधी? ठरावीक वय नाही. सलग दोन-तीन वर्षं नवी कीड नाही, पांढरे डाग नाहीत, मूल स्वतः दोन वेळा नीट घासतंय, पक्क्या दाढांना सीलंट झालंय, असं असेल तर किती अंतराने लावायचं किंवा लावायचंच का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. पुढे किशोरवयात तारा लागल्या तर त्यांच्या कडेने अन्न अडकतं, पांढरे डाग पडू लागतात, आणि तेव्हा बंद केलेलं व्हार्निश तारा निघेपर्यंत पुन्हा चालू करावं लागतं.